कोकणातल्या घरी माणसांचे फोटो: आधी उजेड, मग फ्लॅश

कोकणातलं कौलारू घर बांधताना ऊन आणि पाऊस बाहेर ठेवण्याचा विचार केलेला असतो. पाखं पार खाली उतरलेलं, खिडक्या लहान, जांभ्याच्या भिंती जाड. मे महिन्याच्या दुपारी अंगणातला उजेड माजघरातल्या उजेडाच्या पाचशे ते हजार पट असतो. डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला मात्र एका फोटोत दोन्ही टोकं पकडता येत नाहीत. म्हणून उघड्या दाराला पाठ करून बसलेल्या आजीचा फोटो काढला की आजी काळी आणि दार पांढरं येतं. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की आजी पांढरीफटक, मागच्या भिंतीवर तिची कडक सावली, आणि उरलेल्या घरात काळोख.

यावर उपाय एका क्रमाचा आहे. आधी माणूस चांगल्या उजेडात बसवायचा, मग त्या उजेडाप्रमाणे कॅमेरा लावायचा, आणि कमी पडेल तेवढाच फ्लॅश शेवटी घालायचा. बहुतेक लोक उलट करतात: काळोख दिसला की फ्लॅश, आणि माणूस होता तिथेच.

पडवीची कड

घरात फोटोसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे पडवी, आणि तीही पडवीची कड. माणसाला कडेपासून तीन-चार फूट आत बसवा, तोंड अंगणाकडे. खांदे किंचित एका बाजूला वळलेले असू द्या, नाहीतर ओळखपत्राचा फोटो होतो. तुम्ही पायरीवर किंवा अंगणात, थोडे तिरके उभे राहा. उजेड समोरून आणि बाजूने येतो, मागे ओटीचा काळोख राहतो आणि चेहरा आपोआप उठून दिसतो. फ्लॅशची इथे गरजच नाही.

जागा बरोबर आहे की नाही हे माणसाच्या डोळ्यांत बघून कळतं. बुबुळाच्या वरच्या अर्ध्या भागात अंगणाचा पांढरा तुकडा स्पष्ट दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर माणूस फार आत आहे. एक फूट पुढे घ्या. कपाळावर किंवा गुडघ्यांवर उन्हाची पट्टी पडत असेल तर फार पुढे आहे, मागे सरका. उन्हाची पट्टी नुसती हातावर पडली तरी फोटोत नजर पहिली तिथेच जाते.

सेटिंग साधारण असं: आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) ४००, अॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/४, शटर (उजेड आत यायचा वेळ, सेकंदाचा भाग) १/१२५ ते १/२५०. लहान मूल असेल किंवा कोणी झोपाळ्यावर बसून झोका घेत असेल तर शटर १/२५०च्या खाली नको. आयएसओ ८०० करा पण चेहरा हलू देऊ नका. आयएसओ वाढल्याने आलेले दाणे चालतात, हललेला चेहरा कशानेही दुरुस्त होत नाही.

दोन्ही गालांत फरक फार वाटला तर काळ्या बाजूला, चौकटीबाहेर, पांढरं धोतर किंवा चादर वलणीवर टाका. माणसापासून दोन-अडीच फुटांवर असेल तरच तिचा उपयोग. पाच फुटांवर गेली की नुसती चादर वाळत घातल्यासारखी. पडवीतला बल्ब किंवा ट्यूब बंद करा. बाहेरचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर आले की अर्धा गाल एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या, आणि नंतर एक बाजू सुधारायला गेलं की दुसरी बिघडते.

अंगणाचा रंगही चेहऱ्यावर येतो, याकडे फार कोणी बघत नाही. शेणाने सारवलेलं खळं उजेड कमी परत पाठवतं. पांढऱ्या-करड्या लाद्या किंवा सिमेंट असेल तर भरपूर. लाल मातीचं किंवा चिऱ्यांचं अंगण हनुवटीखाली तांबूस झाक टाकतं. समोर आंबा-फणसाची दाट झाडी असेल तर गोरा चेहरा हिरवट आणि सावळा चेहरा राखेरी दिसतो. कॅमेऱ्यात स्वतः व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची जुळणी) लावायची सोय असेल तर माणसाच्या चेहऱ्याजवळ पांढरा कागद धरून तो तिथेच लावा. लाल जमिनीसाठी साधी युक्ती म्हणजे माणसासमोर चौकटीबाहेर जमिनीवर पांढरी चादर अंथरणे. रंग जातो आणि डोळ्यांखालच्या सावल्याही भरतात.

पूर्वेला तोंड असलेल्या घराच्या पडवीत सकाळी साडेनऊ-दहापर्यंत ऊन थेट आत येतं, पश्चिमेच्या घरात दुपारी तीननंतर. त्या वेळा टाळायच्या, किंवा दुसऱ्या बाजूची पडवी बघायची. मागच्या पडवीत राखेचा ढीग आणि घंगाळ असेल, पण उजेड पुष्कळदा तिथेच चांगला असतो.

मे महिन्यातली दुपार

मुंबईकर सुट्टीला मे महिन्यात येतात, सगळे एकत्र जमतात ते जेवणाच्या वेळी, आणि फोटो निघतात ते दुपारी बारा ते दोनमध्ये, अंगणात. हीच सगळ्यात वाईट वेळ. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे ८ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मालवणात दोन-चार दिवस आधी, अलिबागला आठवडाभर नंतर. आपल्या घड्याळात ती वेळ बाराची नसून साडेबाराच्या आसपासची असते. डोक्यावरच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठांवर, आणि सगळे डोळे बारीक करून उभे असतात.

याच वेळी पडवी मात्र उत्तम असते. ऊन उभं असल्यामुळे कुठल्याही दिशेच्या पडवीत ते आत येत नाही, आणि तापलेलं अंगण स्वतःच मोठ्या दिव्याचं काम करतं. म्हणजे जेवणं झाल्यावरचा फोटो काढायला हरकत नाही, फक्त सगळ्यांना सावलीत घ्या आणि तुम्ही उन्हात जा.

अंगणात मांडव असेल तर आधी वर बघा. नारळाच्या झापांच्या मांडवातून उन्हाचे कवडसे चेहऱ्यांवर पडतात आणि ते फ्लॅशनेही जात नाहीत. केशरी किंवा गुलाबी कापडाच्या मांडवाखाली सगळं घर केशरी-गुलाबी दिसतं. मांडवाच्या कडेला, जिथे मोकळ्या आभाळाचा उजेड बाजूने येतो, तिथे माणसं घ्या.

उन्हातच फोटो हवा असेल, म्हणजे तुळशीवृंदावनाशेजारी किंवा नव्या गाडीपुढे, तर माणसांची पाठ सूर्याकडे करा आणि समोरून फ्लॅश भरा. इथून फ्लॅशचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

फ्लॅशचा हिशेब

फ्लॅशची चमक अगदी क्षणाची असते; पूर्ण ताकदीला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, कमी ताकदीला त्याहून कितीतरी लहान. शटर १/६० असो की १/२००, ती चमक पूर्ण आत येतेच. त्यामुळे शटरने फक्त आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो. अॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही उजेडांवर परिणाम करतात. फ्लॅशची ताकद आणि अंतर फक्त फ्लॅशवर. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे: मागचं आभाळ फार उजळ वाटलं तर शटर वाढवा (१/६०वरून १/२००कडे न्या), चेहरा काळा वाटला तर फ्लॅशची ताकद वाढवा. एकात हात घातल्यावर दुसरं बिघडत नाही.

शटर वाढवण्यालाही मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५०पर्यंतच जाता येतं. त्यापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, त्यांच्यामधली फट सेन्सरवरून सरकत जाते. फ्लॅशची चमक त्या फटीतूनच आत जाते आणि फोटोत आडवी काळी पट्टी येते. फोटोचा खालचा किंवा वरचा भाग काळा आला तर फ्लॅश बिघडलेला नाही, शटर जास्त आहे. हाय-स्पीड सिंक असलेल्या फ्लॅशने याच्यापुढे जाता येतं, पण ताकद निदान चौथाईवर येते.

फ्लॅश किती लांब पोचेल हे गाइड नंबरवरून कळतं. आयएसओ १००ला गाइड नंबर भागिले अॅपर्चर म्हणजे मीटरमधलं अंतर. कॅमेऱ्यातून वर उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर १२च्या आसपास असतो. एफ/५.६ला तो जेमतेम दोन मीटर पोचतो. आयएसओ ४०० केला की अंतर दुप्पट, सव्वाचार मीटर.

आता भर उन्हातलं बघा. आयएसओ १००, शटर १/२००, तर अॅपर्चर एफ/११च्या आसपास ठेवावं लागतं. छोटा फ्लॅश १२ भागिले ११, म्हणजे एक मीटर. सावल्या थोड्याशा भरायच्या म्हटलं तरी दीड मीटर. पाच माणसांचा ग्रुप तीन-साडेतीन मीटरवर उभा असतो. तिथे हा फ्लॅश चमकतो, लोकांचे डोळे मिटतात, आणि फोटोत काही फरक पडत नाही. वर बसवायचा, गाइड नंबर ३६च्या आसपासचा फ्लॅश असेल तर त्याच सेटिंगला सव्वातीन मीटर मिळतात, आणि नुसतं भरायला साडेचार. ऑटोवर असेल तर फ्लॅशची भरपाई उणे १ ते उणे १⅔ ठेवा. शून्यावर ठेवली की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो. दोन रांगांच्या ग्रुपमध्ये हे फार जाणवतं. पुढची रांग दोन मीटरवर आणि मागची तीन मीटरवर असेल तर मागच्यांना निम्म्याहून कमी उजेड मिळतो: पुढे बसलेली पोरं पांढरी आणि मागचे काका काळे. चार मीटरपर्यंत मागे जा आणि झूम करा; पुढची रांग चारवर, मागची पाचवर, म्हणजे फरक दीडपटीवर येतो. रांगा एकमेकींना चिकटवा. जोत्याच्या पायऱ्यांवर बसवलं तर डोकी एकामागे एक लपत नाहीत आणि अंतरही कमी राहतं. दोन रांगांना एफ/५.६, तीन रांगांना एफ/८. फोकस पुढच्या रांगेच्या थोडा मागे, ग्रुपच्या खोलीच्या पुढच्या एक-तृतीयांशात. पाच-सहा फोटो ओळीने काढा, कारण दहा माणसांत एकाचे तरी डोळे मिटलेले असतातच. पण फ्लॅशला पुन्हा भरायला दोन ते पाच सेकंद लागतात. घाई केली तर दुसरा-तिसरा फोटो काळा येतो. सेल जुने असतील तर त्याहून जास्त थांबावं लागतं.

घरात फ्लॅश फिरवून मारणे

शहरातल्या फ्लॅटमध्ये फ्लॅश छताकडे वळवायचा सल्ला सगळे देतात. कौलारू घरात तो चालत नाही. आढं बारा-पंधरा फुटांवर, वर काळपटलेले वासे आणि तांबडी कौलं. उजेड तिथे जातो तो बहुतेक तिथेच जिरतो, आणि खाली येतो तेवढा तांबूस होऊन येतो. लाकडी पाटणीचीही तीच गत. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीवरून फिरवला तर चेहरा लाल. हिरव्या, निळ्या, गुलाबी डिस्टेंपरच्या भिंती आपापला रंग लावतात.

चुना किंवा पांढरा रंग दिलेली भिंत शोधा. ती माणसाच्या बाजूला किंवा तुमच्या पाठीमागे, पाच-सहा फुटांवर असावी. फ्लॅशचं डोकं त्या भिंतीकडे वळवा, माणसाकडे अजिबात नको. भिंत मोठ्या खिडकीसारखं काम करते. यात फ्लॅशचा बराचसा उजेड वाया जातो, साधारण चौथाई ते आठवा हिस्साच चेहऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून आयएसओ ८००, एफ/४, फ्लॅश अर्ध्या ताकदीवर, इथून सुरुवात करा. शटर १/६०पर्यंत खाली आणलं की खोलीतला दिव्याचा उजेडही फोटोत येतो आणि मागे काळोखाची भिंत उभी राहत नाही. पांढरी भिंत कुठेच नसेल तर दुहेरी घडीची पांढरी चादर दारावर किंवा दोन खुर्च्यांवर टांगा आणि तिच्यावर मारा.

स्लॅबच्या नव्या घरात छत पांढरं आणि नऊ-दहा फुटांवर असतं, तिथे वर फिरवायला हरकत नाही. पण फ्लॅश सरळ वर न करता थोडा मागे झुकवा. सरळ वर केला आणि माणूस जवळ असला तर उजेड डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांत पुन्हा त्याच मे महिन्याच्या सावल्या.

खोलीत पिवळे बल्ब लावलेलेच ठेवायचे असतील, उदाहरणार्थ बारशाला, तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटीनचा तुकडा चिकटवा आणि व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर ठेवा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा, बल्बचा २७०० ते ३०००. कागद लावला की दोघांचा रंग जवळ येतो. पाळण्यातल्या बाळावर जवळून सरळ फ्लॅश मारू नये. भिंतीवरून मारा, किंवा पाळणा खिडकीशी घ्या. खिडकीजवळ आयएसओ १६००, एफ/२.८, १/१२५ला चांगला फोटो येतो. लेन्स एफ/४पर्यंतच उघडत असेल तर शटर १/६० करा.

गणपतीत आणि पालखीला

आरतीच्या वेळी सरळ फ्लॅश मारला तर तीन गोष्टी बिघडतात. धूप-उदबत्तीचा धूर उजळून सगळ्या फोटोवर दुधी पडदा येतो. मखराच्या मागचा चमकीचा कागद किंवा आरसा फ्लॅश परत तुमच्याकडेच पाठवतो. आणि निरांजनाचा सोनेरी उजेड पुसला जातो, ज्यासाठी फोटो काढायला घेतला होता. फ्लॅश बंद ठेवा आणि आरतीचं ताट धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फोकस करा. ताट छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून दीड फुटावर असलं की ज्योतींचा उजेड पुरतो. पोटाशी धरलं तर खालून उजेड पडून चेहरा भेसूर दिसतो. आयएसओ ३२००, एफ/२.८, शटर १/५०.

शटर १/५० किंवा १/१०० म्हणण्याला कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५०ला काढलेल्या फोटोंत माळ कधी विझलेली, कधी अर्धी, आणि आडवे पट्टेही येतात.

ग्रुप काढायचा झालाच तर आरती संपल्यावर, धूर निवळल्यावर. मखराला आरसा असेल तर समोर उभे न राहता एक-दोन पावलं बाजूला जा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्लॅशचा ठिपका दिसतो का ते तपासा. सिंधुदुर्गात गणपतीवर माटवी, म्हणजे नारळ-सुपाऱ्या टांगायची चौकट, बांधलेली असते. फ्लॅश वर फिरवला की टांगलेल्या नारळ-सुपाऱ्यांच्या सावल्या मूर्तीवर आणि शेजारी उभ्या असलेल्यांवर पडतात. तिथे बाजूची भिंतच बरी.

शिमग्यात पालखी दारी येते तेव्हा घरच्यांचा पालखीबरोबर फोटो सगळ्यांनाच हवा असतो. चांदीच्या रुपांवर (देवाच्या मुखवट्यांवर) सरळ फ्लॅश पडला की तिथे नुसता पांढरा डाग उरतो. थोडं तिरकं उभं राहून मारा. पालखीचा फोटो चालतो का, फ्लॅश चालतो का, हे आधी मानकऱ्यांना विचारून घ्या. गावागावाचा रिवाज वेगळा असतो. पालखी नाचवतानाचा फोटो हवा असेल तर शटर १/१५ ते १/३० आणि फ्लॅश मागच्या पडद्यावर (रिअर कर्टन सिंक) लावा, म्हणजे तो शटर मिटताना चमकतो. म्हणजे हालचालीची रेघ माणसाच्या मागे राहते. साध्या सेटिंगला ती पुढे येते आणि माणूस उलटा चालल्यासारखा दिसतो.

संध्याकाळी समुद्रावर

आपला समुद्र पश्चिमेला. त्यामुळे सकाळी किनाऱ्यावर समुद्राला पाठ करून उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर जमिनीकडून, म्हणजे समोरून, ऊन येतं. डोंगर किंवा माडांची रांग जवळ असेल तर ते थोडं उशिरा आणि गाळून येतं, आणि तो उजेड फार छान असतो. तारकर्ली-देवबागसारख्या पांढऱ्या वाळूवर खालूनही उजेड परततो, हनुवटीखालची सावली भरते. काळसर वाळूच्या किनाऱ्यावर हे होत नाही. निळं पाणी हवं असेल तर सकाळीच जा.

संध्याकाळी मात्र सगळ्यांना सूर्य मागे हवा असतो. फ्लॅश नसेल तर हट्ट सोडा आणि माणसांची तोंडं सूर्याकडे करा, मागे सुरूची झाडं किंवा माड घ्या. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेचं आभाळ मऊ उजेड देतं, तेव्हा डोळेही बारीक होत नाहीत. सूर्यास्त डिसेंबरात सहा-सव्वासहाच्या सुमारास, जूनमध्ये सात-सव्वासातला.

सूर्य मागे घेऊनच काढायचं तर:

१. कॅमेरा मॅन्युअलवर. माणसांकडे दुर्लक्ष करून आधी नुसतं आभाळ लावा. सूर्य टेकताना आयएसओ १००, एफ/५.६, १/२००च्या आसपास रंग गडद येतात. माणसं या वेळी पूर्ण काळी दिसली पाहिजेत.

२. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून रेडिओ ट्रिगरवर (लांबून, बिनतारी फ्लॅश पेटवायचं साधन) घ्या. घरातलं कोणीतरी तो तुमच्यापासून एका बाजूला चार-पाच पावलांवर, डोक्याच्या वर, तिरका धरील. माणूस फ्लॅशपासून दोन मीटरवर असेल तर गाइड नंबर ३६चा उघडा फ्लॅश १/८ ताकदीला पुरतो. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला तर १/२. स्टँडवर छत्री लावायची असेल तर वाळूची पिशवी बांधा; संध्याकाळचा वारा ती पहिल्याच झुळकीला पाडतो.

३. फ्लॅशवर फिकट नारिंगी कागद लावा. नाहीतर मागे तांबडं आभाळ आणि समोर निळसर पांढरा चेहरा, म्हणजे स्टुडिओतला पडदा वाटतो.

४. दर चार-पाच मिनिटांनी आभाळ काळवंडतं. फक्त शटर खाली आणा: १/१२५, १/८०, १/६०. अॅपर्चर आणि फ्लॅशला हात लावू नका, चेहरा तसाच राहील. १/६०च्या खाली गेलं की आयएसओ दुप्पट करा आणि फ्लॅशची ताकद निम्मी.

पाऊस

पावसाळ्यात ढगांचा उजेड सगळीकडून येतो, सावली कडक नसते, माणसांना तो खुलतो. पण वरून जास्त आणि समोरून कमी येतो, म्हणून हनुवटी थोडी वर घ्यायला सांगा आणि पांढरं आभाळ चौकटीतून काढून टाका. आयएसओ ८०० ते १६०० धरून चला. पावसात फ्लॅश मारला तर लेन्सजवळचे थेंब पांढरे गोळे होऊन येतात. ते हवेच असतील तर फ्लॅश माणसांच्या मागून, कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवा.

झड आत येऊ नये म्हणून पडवीला बांधलेला निळा प्लास्टिकचा कागद हा पावसाळ्यातल्या फोटोंचा खरा शत्रू. त्यातून येणारा उजेड चेहऱ्याला निळा-करडा रंग देतो. त्याचा एक पडदा गुंडाळून वर बांधा आणि त्या मोकळ्या जागेसमोर माणूस बसवा.

चष्मा, घाम, लाल डोळे

चष्म्यावर फ्लॅशचा किंवा अंगणाचा पांढरा चौकोन दिसत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर उचला. काचा किंचित खाली झुकतात, प्रतिबिंब निघून जातं आणि फोटोत कळतही नाही. फ्लॅश वर आणि बाजूला नेला तरी तेच काम होतं. चष्मा काढायला लावू नका, आजोबा ओळखू येत नाहीत.

दमट हवेत कपाळ आणि नाक चमकतं आणि फ्लॅशने ती चमक दुप्पट होते. प्रत्येक फोटोआधी पंच्याने टिपून घ्या, घासू नका. लाल डोळे येतात ते फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे: काळोखात बाहुली मोठी होते आणि डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून उजेड सरळ परत येतो. खोलीतला दिवा लावा म्हणजे बाहुली लहान होईल, किंवा फ्लॅश वळवा. पांढरी साडी किंवा सदरा असेल तर कॅमेरा फसून फोटो काळसर करतो. एक्स्पोजर अधिक ⅔ करा. सावळ्या चेहऱ्यामागे पांढरी भिंत असली तरी तेच. गडद नऊवारीला उलट, उणे ⅓.

नुसता फोन असेल तर

फोनचा फ्लॅश म्हणजे छोटा एलईडी. चार-पाच फुटांपुढे त्याचा उपयोग नाही, आणि लेन्सला चिकटून असल्यामुळे चेहरा सपाट दिसतो. तो बंदच ठेवा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फोन चेहरे उगाच जास्त उजळतो. रात्री दुसऱ्याच्या फोनचा टॉर्च पांढऱ्या भिंतीवर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर मारायला सांगा. नाइट मोडला एक ते तीन सेकंद लागतात, म्हणून माणसांना टेकून बसवा आणि फोन खांबाला टेकवा. लहान मुलांना नाइट मोडमध्ये धरायचा प्रयत्न करू नका. ग्रुपमध्ये कडेची माणसं रुंद दिसतात. दोन पावलं मागे जा आणि चौकटीच्या दोन्ही कडांना जागा सोडा.

खारी हवा

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून बाहेर आल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका. बॅगेची चेन बंद ठेवूनच कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. समुद्रावरून आल्यावर कॅमेरा आणि फ्लॅश आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. कोरड्याने आधी पुसलं तर मिठाचे कण काच घासतात. फ्लॅशच्या पायाचे पितळी ठिपके हिरवट झाले की फ्लॅश कधी पेटतो, कधी नाही. ते पेन्सिलीच्या खोडरबराने हलके घासून फडक्याने पुसावेत. गणपती झाले की फ्लॅशमधले सेल काढून ठेवा. पुढच्या मे महिन्यापर्यंत आत राहिले तर ते गळतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि बॅग कापडाच्या कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात बुरशी लेन्सच्या आत धरते, आणि ती धरल्याचं फोटो धुरकट यायला लागेपर्यंत कळत नाही; पंधरा दिवसांतून एकदा लेन्स टॉर्चसमोर धरून आतून बघा.